हौसेची गाडी : चालवावी की जपावी?

"हौसेला मोल नसते" असे आपण सर्वच सहज म्हणतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या मात्र हे पचनी पडत नाही. मोल असतेच, ते खर्चाच्या बाजूस मांडायचे की मालमत्तेच्या, एवढाच काय तो प्रश्न उरतो. सोन्याची हौस असणाऱ्यास हा प्रश्न फारसा छळत नाही. तिजोरीत ठेवलेले सोने झिजत नाही आणि अंगावर घातलेलेही फारसे झिजत नाही. हौसेच्या मोटारीचे तसे नाही. ती घेतली जाते चालवण्यासाठी, आणि चालवली की तिचे मोल उतरते अशी सार्वत्रिक समजूत आहे. त्यामुळे ज्या घरात अशी एखादी गाडी आहे, मग ती वडिलांची जुनी फियाट असो, लिलावात घेतलेली लष्करी गाडी असो, की अनेक वर्षांच्या बचतीतून घेतलेली दोन दारांची परदेशी गाडी असो, त्या घरात आज ना उद्या एक वाद उद्भवतोच. गाडी बाहेर काढायची की आच्छादनाखाली ठेवायची? मीटरवरचा आकडा वाढू द्यायचा की थोपवून धरायचा?

कार्यालयात जाण्या-येण्याच्या गाडीविषयी हा प्रश्न संभवत नाही. ती राबण्यासाठीच घेतलेली असते आणि राबून निवृत्त होते. प्रस्तुत लेख हौसेच्या गाडीपुरता मर्यादित आहे.

जबलपुरात राहून या विषयावर लिहू लागले की प्रथम आठवते ती जोंगा. बाहेरच्या वाचकांना हे नाव कदाचित अपरिचित वाटेल, पण त्या नावातच आमचे गाव आहे. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या शब्दांच्या आद्याक्षरांतून ते घडले. येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. त्याच कारखान्यात १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' ट्रक तयार होऊ लागले. पुढे १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि जपानच्या निस्सान कंपनीच्या 'पॅट्रोल' या गाडीच्या आराखड्यावरून तेथे जोंगा बनू लागली. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना मिळणारी ताकद आणि जाड पत्र्याचा ओबडधोबड देह, असे तिचे रूप होते. तीस वर्षे लष्कराची सेवा करून १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. शहरातील कितीतरी मराठी कुटुंबांची एक पिढी या कारखान्यांत नोकरीला होती, त्यामुळे जोंगा हा आमच्याकडे बातमीचा नव्हे, तर घरगुती गप्पांचा विषय आहे.

लष्कराने सेवामुक्त केलेल्या जोंगा लिलावांतून नागरिकांच्या हाती आल्या. पेट्रोल पिण्यात तिचा हात फारच सैल, म्हणून अनेकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेलचे बसवले. परिणामी मूळ इंजिनासह उरलेल्या जोंगा दुर्मीळ झाल्या. त्यात २०१९ साली महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यांवर जोंगा चालवताना दिसला, आणि ज्यांनी हे नावही ऐकले नव्हते तेही तिची चौकशी करू लागले. दुर्मीळता आणि कुतूहल एकत्र आले की भाव चढतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

आमच्या नेपियर टाउनमधील एका ज्येष्ठ ग्राहकांकडे अशी एक जोंगा आहे, मूळ इंजिनाची. व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी शाखेत येतात. त्यांचे चिरंजीव पुण्यास नोकरीला आहेत. त्यांचे म्हणणे असे, की बाबांनी गाडीला आता हात लावू नये; कमी धावलेली, मूळ इंजिनाची जोंगा दहा वर्षांनी सोन्याच्या भावाने जाईल. मुलाचे म्हणणे लोभाचे आहे असे मला वाटत नाही. त्याने बाजार पाहिला आहे, आणि वडिलांच्या वयाची काळजीही त्या सल्ल्यात मिसळलेली आहे. एकदा या ग्राहकांनी मला विचारले, "साहेब, तुम्ही रोज हिशेब करता, तर हाही करून सांगा. दहा वर्षांनी गाडी जाईल सोन्याच्या भावाने. पण तेव्हा माझ्या पायाने क्लच दाबला जाईल का?"

त्यांनी हे हसत हसत विचारले. उत्तर देताना मात्र मला पुष्कळ विचार करावा लागला, आणि या लेखाचे निमित्त तेच आहे. माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. हौसेची गाडी चालवावी, नियमित चालवावी, आणि मीटरवरच्या आकड्याची भीती बाळगू नये. हे मत भावनेपोटी बनलेले नाही. हिशेबही त्याच बाजूला झुकतो.

प्रथम घसाऱ्याविषयी. हा शब्द उच्चारताच घासणे, झिजणे डोळ्यांसमोर येते, आणि म्हणून न वापरलेली वस्तू घसाऱ्यापासून मुक्त आहे असा भास होतो. परंतु लेखाशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तरी घसाऱ्याची कारणे एकाहून अधिक सांगितलेली आढळतात. वापराने होणारी झीज हे एक, केवळ काळ लोटल्याने होणारा ऱ्हास हे दुसरे, आणि कालबाह्यता हे तिसरे. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर आयकराच्या नियमांनुसार साधारणपणे १५ टक्के घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने मिळतो. गाडी वर्षभरात दोन हजार किलोमीटर धावली की वीस हजार, हे तेथे कोणी विचारीत नाही. विम्याचेही तसेच. गाडीचे विमा-घोषित मूल्य पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी, वर्ष पूर्ण होईपर्यंत १५ टक्क्यांनी आणि चौथे वर्ष उलटून पाचव्यापर्यंत ५० टक्क्यांनी कमी धरले जाते, आणि त्यापुढे विमा कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. हा तक्ता वयावर बेतलेला आहे, अंतरावर नाही. अंतरानुसार हप्ता कमी-अधिक करणारी जोड-योजना देण्यास विमा नियामकाने २०२२ मध्ये अनुमती दिली खरी. पण मूल्याच्या तक्त्याचा आधार वय हाच राहिला. म्हणजे ज्यांचा व्यवसायच जोखीम आणि मूल्य मोजण्याचा आहे, त्यांनी काळाला अंतरापेक्षा मोठा शत्रू मानले आहे.

आणि उभ्या गाडीवर काळ काय काय करतो ते कोणत्याही अनुभवी मिस्त्रीला विचारावे. बॅटरी उतरते, हे तर सर्वांनाच ठाऊक. त्यापुढचे नुकसान दिसत नाही. इंजिन व गिअरबॉक्समधील रबरी ऑईल सील तेलाने ओले राहिले तरच मऊ राहतात. महिनोन्‌महिने कोरडे पडले की कडक होतात आणि मग गाडी सुरू केल्यावर ठिकठिकाणी तेल पाझरू लागते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे सिलिंडरांना आतून गंज चढतो आणि ब्रेक धरून बसतात. टायर एकाच जागी भार सोसून चपटे होतात, बाजूंना बारीक चिरा पडतात. (टायरच्या बाजूवर शेवटी छापलेले चार आकडे पाहावेत, पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व नंतरचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कोरी करकरीत आणि टायर बारा वर्षांचा, असे दृश्य कमी धावलेल्या गाड्यांतच दिसते. तो टायर नवा समजून कोणी महामार्गावर नेला, तर धोका जिवाशीच.) कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर ठेवते. टाकीच्या रिकाम्या भागात ओलावा धरतो, गंज सुटतो, आणि तोच गंज पुढे पेट्रोलच्या नळीत येतो. उंदरांविषयी वेगळे लिहायला नको. आमच्या मोठ्या आवारांच्या जुन्या बंगल्यांत त्यांना आश्रयाची वाण नाही, आणि उभ्या गाडीतील वायरी त्यांना विशेष प्रिय असाव्यात.

यात अलीकडे एका गोष्टीची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी रोज धावत असेल तर टाकीतले पेट्रोल पाणी धरण्याआधीच संपते. उभ्या गाडीत मात्र आमच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात ते पाणी शोषत राहते, आणि प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वॉशर या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. ते बदलून घ्यावेच लागतात. पण बदलूनही गाडी उभीच ठेवली तर टाकीतील पाण्याचा प्रश्न सुटत नाही.

आपल्या बँकिंगच्या क्षेत्रात याला एक समांतर उदाहरण आहे. खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय ठरते, आणि दहा वर्षे तसेच राहिले तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारांसाठीच्या निधीत वर्ग होते. पैसे बुडत नाहीत; दावा करून ते परत मिळतात. उभ्या गाडीच्या सीलांना मात्र दावा करण्याची सोय नाही!

कोणी म्हणेल, हे सारे तांत्रिक झाले. प्रत्यक्ष उदाहरण द्या. देशातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पहिल्या मारुती ८०० चे आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना त्या गाडीची किल्ली मिळाली. देशाच्या औद्योगिक इतिहासातील ती एक मौल्यवान वस्तू होती, आणि ती जपून कापडाखाली ठेवण्यास त्यांना सबळ कारण होते. त्यांनी तसे केले नाही. २०१० साली निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, ती गाडी त्यांच्या वापरात राहिली. त्यांच्यामागे ती घरासमोर उभी राहिली, आणि गंजलेल्या त्या गाडीची छायाचित्रे पुढे देशभर फिरली. अखेर कंपनीने ती पूर्ववत करून आपल्या मुख्यालयात ठेवली. सत्तावीस वर्षांच्या वापराने जे झाले नाही ते थोड्याच वर्षांच्या उभे राहण्याने झाले. चालवणाऱ्या माणसाबरोबर तिची देखभालही गेली होती, हे याचे खरे कारण. जी गाडी चालवली जाते तिचा बारीकसा आवाजही मालकाच्या कानी पडतो. उभ्या गाडीतला बिघाड मालकाला ऐकूच येत नाही.

परदेशातील एक उदाहरण याहूनही टोकाचे आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील आयर्व्ह गॉर्डन या शिक्षकाने १९६६ मध्ये लाल रंगाची व्होल्वो पी १८०० ही छोटेखानी स्पोर्ट्‌स गाडी घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर तीस लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. हिशेबाच्या रूढ समजुतीने तिचे मोल शून्याखाली जावयास हवे होते. प्रत्यक्षात त्या अंतरामुळेच ती जगातील सर्वांत विख्यात व्होल्वो ठरली.

आता पैशाचा प्रश्न सरळ घेऊ. समजा, कोणी पाच लाख रुपयांस एक हौसेची गाडी घेतली आणि दहा वर्षे न चालवता जपण्याचे ठरवले. हेच पाच लाख तिमाही चक्रवाढीने सात टक्के दराने मुदत ठेवीत ठेवले, तर दहा वर्षांनी ते जवळजवळ दहा लाख होतात. गाडीचा विमा, आच्छादन, बॅटरी, टायर, तेल यांवर वर्षाला पंधरा हजार धरले तर दीड लाख आणखी. म्हणजे दहा वर्षांनी साडेअकरा लाख हाती आले तर गुंतवणूक केवळ बरोबरीत सुटली, आणि या काळात गाडीचा आनंद शून्य. इतका भाव येईलच याची हमी कोण देणार? गाडीला ना व्याज, ना लाभांश. आणि विकायची तेव्हा तिच्यावर प्रेम करणारा एक तरी मनुष्य तेवढेच पैसे घेऊन दारात उभा असावा लागतो.

याउलट तीच गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालवली, तर दहा वर्षांत वीस हजार किलोमीटर होतात. या वीस हजारांमुळे विक्रीच्या वेळी पन्नास हजार रुपये कमी आले असे धरू. किलोमीटरमागे अडीच रुपये झाले. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांहून अधिक, आणि जुनी गाडी बारा किलोमीटर देत असेल, तर नुसत्या इंधनाचाच खर्च किलोमीटरला आठ-नऊ रुपये येतो. जिच्या टाकीत आपण निःशंकपणे नऊ रुपये ओततो, तिच्या मीटरवरच्या अडीच रुपयांसाठी जीव टांगणीला लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

शिवाय या मीटरवर विश्वास तरी किती ठेवायचा? जुन्या वाहनांसाठी कर्जाचे अर्ज तपासताना सर्वांत कमी भरवशाची नोंद कोणती, असे मला विचाराल तर मी मीटरचा आकडा सांगेन. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांचे मीटर पाच आकड्यांचे; ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते. त्यामुळे बावीस हजारांचा आकडा बावीस हजारांचा आहे, एक लाख बावीस हजारांचा आहे की कोणी हाताने मागे फिरवला आहे, हे केवळ पाहून सांगता येत नाही. जाणकार पारखी पेडलवरचे रबर पाहतो, चालकाच्या आसनाची शिवण पाहतो, दाराच्या बिजागऱ्या हलवून पाहतो, आणि सर्वांत आधी देखभालीची बिले मागतो. बिलांची जाडजूड फाईल असलेली, सत्तर हजार धावलेली गाडी मी एकही कागद नसलेल्या वीस हजारांच्या गाडीपेक्षा सरस मानीन. कमी आकड्याला बाजाराने जे अवास्तव महत्त्व दिले आहे, त्यानेच आकडा फिरवणाऱ्यांचा धंदा जगवला आहे.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही, हे मान्य करावयास हवे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची गोष्ट आठवावी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी टॅक्सीच्या रूपाने दशकानुदशके रात्रंदिवस धावली. टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा होती, आणि शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तेव्हा निदान एक तरी टॅक्सी जतन करावी अशी मागणी झाली. जी वस्तू सर्वत्र असते ती जपण्याचे कोणालाच सुचत नाही, आणि सुचते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून प्रत्येक जातीची एखादी गाडी कारखान्यातून निघाली तशी, मूळ रंगासह, मूळ नट-बोल्टांसह राखून ठेवणे आवश्यकच आहे. पुढे कोणाला जोंगा नव्याने उभी करावयाची झाली तर मूळ नमुना कोठे पाहायचा? पण हे काम संग्रहालयाचे. गुरुग्रामजवळील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमसारख्या संस्थेकडे त्यासाठी जागा असते, माणसे असतात. आपल्या घरामागची पत्र्याची शेड म्हणजे संग्रहालय नव्हे. आणि आपली गाडी 'त्या एका' नमुन्याच्या तोडीची आहे का, याचे उत्तर मालकाने प्रामाणिकपणे द्यावे. शंभरातल्या नव्वदांहून अधिक गाड्या तशा नसतात.

जगातील सर्वांत महाग विकली गेलेली गाडी कोणती होती हेही येथे पाहण्याजोगे आहे. मर्सिडीज कंपनीने १९५५ मध्ये ३०० एसएलआर या शर्यतीच्या गाडीच्या छतासह फक्त दोन प्रती बनवल्या. त्यांपैकी एक मे २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. शर्यतीत उतरण्याचा योग न आलेल्या या गाड्यांतील एक गाडी तिचे रचनाकार रुडॉल्फ उलेनहाऊट कामावर येण्या-जाण्यासाठी वापरीत असत. दुर्मीळतेला भाव आला. तिच्या वापराने तो भाव बुडाला नाही.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. तिचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. मात्र सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, आणि अशी गाडी नेहमीच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. आरंभीच्या वर्षांतील जोंगा आता पन्नाशी ओलांडत आहेत. ज्यांना गाडी नियमित चालवायची आहे त्यांनी या नोंदणीच्या मानाला भुलण्यापूर्वी दोनदा विचार करावा. नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले, आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढले. ही रक्कम टोचते खरी, पण त्या बदल्यात गाडी मोकळेपणाने चालवता येते.

वापराचा संबंध थेट आयकराशीही येतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. वैयक्तिक वापराच्या चीजवस्तू आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरल्या जात नाहीत. म्हणून आपली नेहमीची गाडी विकून नफा झाला तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही. मुंबईतील एका करदात्याने १९८३ साली वीस हजार रुपयांस घेतलेली १९३१ ची फोर्ड टूरर पुढे एकवीस लाखांना विकली आणि हीच सवलत मागितली. वाद अनेक वर्षे चालला. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निकाल दिला तो त्याच्या विरुद्ध. गाडी वैयक्तिक वापरासाठी वापरता येण्याजोगी असणे पुरेसे नाही. ती तशी वापरली जात होती याचा पुरावा हवा, आणि तो पुढे आला नव्हता. जी गाडी जपण्यासाठी कधी बाहेरच काढली नाही, ती वापरात होती हे कोणत्या तोंडाने सांगायचे? ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी पेट्रोलच्या व दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात, एवढे हिशेबनीस म्हणून सुचवावेसे वाटते.

'चालवावी' म्हणजे दामटावी असे नव्हे. महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढावी. उभ्या जागी पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची जी पद्धत घरोघरी दिसते ती अपायकारक आहे. इंजिन पुरते तापत नाही, आत जमलेले पाणी वाफ होऊन जात नाही, ते तेलात मिसळते आणि सायलेन्सर आतून सडवते. वीस-पंचवीस किलोमीटर एका लयीत चालली पाहिजे. नेपियर टाउनहून भेडाघाटचा रस्ता यासाठी अगदी बेताचा आहे. सकाळी लवकर निघाले तर धुवांधारच्या तुषारांत उभे राहून न्याहरीच्या वेळेला घरी परतता येते. भर पावसात नेऊ नये. नेलीच तर खालून स्वच्छ पाण्याने धुवावी. तेल अंतर पाहून नव्हे, वर्ष पाहून बदलावे. पेट्रोल पंधरा-वीस दिवसांत संपेल इतकेच भरावे. बराच काळ ठेवणे भागच असेल तर जाणकाराला विचारून टाकीची व्यवस्था करावी. आणि गाडी ज्याच्या हाती द्यायची त्या मिस्त्रीशी संबंध टिकवावेत. कार्बोरेटर जुळवणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांच्याकडे काम नेले नाही तर ते हातही दुसऱ्या धंद्याकडे वळतील, आणि मग जपून ठेवलेली गाडी सुरू करून देणारा कोणी उरणार नाही.

आमच्या त्या ज्येष्ठ ग्राहकांना मी जवळजवळ एवढेच सांगितले. मुलाच्या काळजीलाही उत्तर हवे होते, म्हणून एक गोष्ट जोडली. बँकेतील खात्याप्रमाणेच वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातही नामनिर्देशन करण्याची सोय २०२१ पासून आहे. मालकाच्या पश्चात वाहन नावावर करून घेण्याचा त्रास त्याने पुष्कळ कमी होतो. त्यांनी मुलाचे नाव घातले आहे. मुलगा दिवाळीत आला, की भेडाघाटला जाताना जोंगा वडील चालवतात आणि येताना मुलगा. तिचा गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना कसा हाताळायचा, हे त्याला अजून नीट जमत नाही म्हणे.